मागची डावी सीट

१४ सप्टेंबर, रविवार

पोचले एकदाची बंगळूरला! सांगलीहून निघताना आईनं दिलेला डबा बसमध्येच संपवला होता, तरी इथं उतरल्यावर इडली-वड्याचा वास आला आणि पोटानं पुन्हा तक्रार केली. हवा अशी की पंखाही नको. सध्या तरी या गावाशी माझं भांडण नाही.

रोजनिशी या वेळी फोनमध्ये लिहायची ठरवली आहे. वहीत सुरू केलेल्या माझ्या सगळ्या रोजनिश्या चौथ्या पानावर वारल्या. फोन काही हातातून सुटत नाही, तेव्हा निदान ही तरी जगेल.

खोली सिंगसंद्रला मिळाली आहे, होसूर रोडच्या आतल्या गल्लीत. इलेक्ट्रॉनिक सिटीतलं माझं ऑफिस इथून जवळ. वर मी, खाली घरमालक. संताजीअण्णा त्यांचं नाव, सत्तरीचे असतील, एकटेच राहतात. मराठीच आहेत, पण आपल्याकडचे नव्हेत. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलं आणि इथलंच होऊन गेलं. मराठी बोलताना त्यांचे कन्नड शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडतात. माझी जड बॅग बघून म्हणाले, स्वल्प थांब म्मा, मी धरतो, आणि खरंच जिना चढून वर आणून दिली. मला लाजच वाटली.

चहा देताना त्यांनी माझी चौकशी केली. म्हणजे खरं तर आईची केली. आई आहे ना? एकटीच असते का? रोज बोलता का? काय काय बोलता? मी म्हटलं, देवाजवळ दिवा लावला की तिचा फोन येतो, ती बोलते आणि मी हूं हूं करते. बाबा गेल्यापासून तिला बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही आणि मला फोनवर बोलायचा कंटाळा, अशी आमची जोडी. यावर लोक हसतात. अण्णा हसले नाहीत. तुझ्या आधी वर राहणाऱ्या पोरीला आई नव्हती, एवढंच म्हणाले आणि कप विसळायला आत गेले. माणूस भला वाटतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मला लॉटरी लागली. अण्णांची पांढरी गाडी पोर्चमध्ये असते, माझ्या खोलीच्या बरोबर खाली. गुडघ्यांमुळे ते लांबवर चालवत नाहीत. उभी राहून राहून बॅटरी बसते, तर तूच ने ऑफिसला, पेट्रोल तेवढं भर, असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात गाडी! आईला सांगितलं तर तिनं आधी विचारलं, मालकांचा स्वभाव कसा आहे?

गाडीत मोठा टचस्क्रीन आहे. मी सॉफ्टवेअर तपासून पोट भरते, त्यामुळे कुठलाही स्क्रीन समोर आला की प्रत्येक बटण दाबून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. संध्याकाळी पोर्चमध्येच बसून सगळं उलटंपालटं केलं. भाषा मराठी निवडली. मराठी म्हणजे तलाठी ऑफिसची. 'उपकरण जोडणी यशस्वी.' माझा फोन जोडला गेला याचं एवढं कौतुक घरच्यांनी माझ्या पदवीचंही केलं नव्हतं. मग स्क्रीननं विचारलं, फोनमधली नावं गाडीत घ्यायची का? मी 'नंतर' दाबलं.

एक गंमत सापडली. गाणं लावलं तर आवाज फक्त मागून, डाव्या कोपऱ्यातून येत होता. वाटलं बाकीचे स्पीकर गेले. नंतर सेटिंगमध्ये पाहिलं तर गाडीचं वरून दिसणारं चित्र, त्यात चार सीट आणि एक ठिपका. ठिपका जिथं ठेवाल तिथं आवाज गोळा होतो. तो मागच्या डाव्या सीटवर नेऊन ठेवलेला होता. मी बोटानं ओढून मधोमध आणला आणि गाणं छान भरून आलं. अण्णा दारात उभे राहून बघत होते. मी हात केला, त्यांनी केला नाही. दिसलं नसेल.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सुप्रीताला घेऊन कोरमंगलाला भटकले. सुप्रीता माझ्याच टीममधली, इथलीच, तिथं एका पीजीत राहते. आमचं आपलं हिंदी-इंग्रजीची खिचडी करून चालतं. डोसा खाल्ला, फिल्टर कॉफी प्यायली, आणि तिनं मला 'स्वल्प', म्हणजे जरासं, हा एक शब्द नीट वापरला तर या गावात अर्धी कामं होतात असं शिकवलं.

माझी खोली बघायला ती बरोबर निघाली, आणि येताना गाण्याचा आवाज पुन्हा मागच्या डाव्या कोपऱ्यात गेला. पाहिलं तर ठिपका तिथंच. सुप्रीता म्हणाली, मागं बसलेल्या मॅडमना गाणं आवडलेलं दिसतंय. मागं कुणीच नव्हतं, तिची बॅग होती. बॅगेच्या वजनानं स्क्रीनवर मागच्या डाव्या सीटचं चित्र लाल होऊन 'पट्टा लावा' असं टुंग टुंग करत होतं. आम्ही दोघी हसलो आणि बॅगेला पट्टा लावला.

सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा स्क्रीन आपणहून निळा झाला. आवाजानं फोन लावायची सोय आहे ना, ती चालू झाली. आणि गाडीतली बाई म्हणाली, 'आई या नावाचा नंबर सापडला नाही.' आम्ही दोघींपैकी कुणी काही बोललंच नव्हतं. सुप्रीता म्हणाली, स्टिअरिंगवरचं बटण तुझ्या बोटानं दाबलं गेलं असेल. असेल. पण मग 'आई' कोण म्हणालं? गाण्यातला शब्द पकडला असेल, असं आम्ही ठरवलं. गाणं कन्नड होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. इथं हा दिवस म्हणजे गाड्यांचा सण. गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरच्या गळ्यात हार, रिक्षांना केळीचे खुंट, रस्त्यावर फुटलेल्या कोहळ्यांचा कुंकू मिसळलेला लाल चिखल. चालताना दोनदा घसरले, पण मजा आली.

अण्णांनी गाडी स्वतः धुतली, हळदीकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग म्हणाले, एक राहिलंय. त्यांच्या घराण्यात बैलगाडीच्या काळापासून रीत आहे की घरात नवं वाहन आलं की त्यात पहिल्यांदा आईनं बसायचं, आणि आत बसून लेकराचं नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा. ही गाडी आली तेव्हा घरात आई नव्हती, म्हणून ते राहून गेलं. तुझी आई लांब आहे तर आवाज तरी पडू दे म्मा, असं म्हणाले. नाही कशी म्हणणार? मी फोनमधली नावं गाडीत घेतली, स्क्रीनवरच्या पहिल्या चौकोनात 'आई' ठेवलं आणि फोन लावला. आईचा आवाज गाडीभर झाला.

तेवढ्यात अण्णांनी मला पुढं कोहळा फोडायला बोलावलं. शिंतोडे आत जातील म्हणून दारं लावून घेतली. बंद काचांमागून आईचं बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं. मी कोहळा आपटला, तो एकाच फटक्यात फुटला, अण्णांनी हात जोडले. दार उघडलं तोवर आईनं फोन ठेवला होता.

नंतर बोलणं झालं तेव्हा म्हणाली, किती दिवसांनी तुझ्या तोंडून एवढं गोड 'आई' ऐकलं गं. मी म्हटलं, मी कधी म्हणाले? ती म्हणाली, मी विचारलं ना, गाडीत बसलीस का बाळ, तर तू म्हणालीस, हो आई, बसले. मग मी म्हटलं, गाडीत बसलेल्या माझ्या लेकीला सुखी ठेव रे देवा.

मी विषय बदलला. बाहेर कुणीतरी बोललेलं तिला ऐकू गेलं असणार. सणाचा दिवस आहे, उगाच कशाला.

५ ऑक्टोबर, रविवार

आज आई फार खूश होती. काल तू तासभर बोललीस, मला रात्री शांत झोप लागली, म्हणाली.

काल संध्याकाळी मी आईशी बोललेच नाही. काल शनिवार असूनही घरून काम होतं, मीटिंग लांबली, फोन पलंगावर चार्जिंगला होता. तिचा फोन आलाच नाही म्हणून मला जरा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

विचार केला. माझ्या खोलीच्या बरोबर खाली गाडी. फोन आपोआप गाडीला जोडला जातो आणि आलेला कॉल गाडीत वाजतो, हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. पण गाडी बंद असली की स्क्रीनही बंद असतो, आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. समजा वाजला, तरी उचलला कुणी? आणि तासभर बोललं कोण?

फोनमध्ये पाहिलं. कालच्या तारखेला 'आई', उचललेला कॉल. बराच लांब.

बिघाड शोधणं हे माझं काम आहे. बिघाडाला कारण असतं. मी ते शोधून काढीन.

८ ऑक्टोबर, बुधवार

फोनचं आपोआप जोडलं जाणं बंद केलं आहे. गाडीच्या स्क्रीनवरून माझा फोन काढून टाकला, नावंही पुसली. आज सकाळी गाडी सुरू केली तर 'उपकरण जोडणी यशस्वी.' पहिल्या चौकोनात आई. ठिपका मागच्या डाव्या सीटवर.

ऑफिसपर्यंत स्क्रीनवर त्या सीटचं चित्र लाल होतं. पट्टा लावा. पट्टा लावा. सीटवर काही नव्हतं. मी हात फिरवून पाहिला आणि लगेच काढून घेतला. सीट गरम होती. कुणीतरी नुकतंच उठलं असावं तशी.

आईला आडून आडून विचारलं की मी काय काय बोलते आजकाल. तर सांगताना तिचा आवाज ओला झाला. म्हणे तू विचारतेस, मी लहान असताना तू माझे केस कसे विंचरायचीस. मला ताप आला की रात्रभर जागायचीस का. मला कुठल्या नावानं हाक मारायचीस. सगळं पुन्हा पुन्हा सांग म्हणतेस. आई म्हणाली, मला वाटायचं तुला माझं बोलणं नकोसं होतं. वेडी मी.

मला रडू आलं. भीतीचं की लाजेचं, कळलं नाही. हे प्रश्न मी तिला कधीच विचारले नव्हते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दाराला आतून कडी लावली आहे. लिहिलंच पाहिजे.

आज दिवेलागणीला मुद्दाम फोन बंद करून ठेवला आणि जिना उतरून खाली गेले. अजून उजेड होता. समोरच्या घरातली मुलं क्रिकेट खेळत होती. गाडीच्या काचा वर. आत अण्णा, स्टिअरिंगपुढं डोळे मिटून बसलेले. त्यांच्याकडच्या किल्लीनं स्क्रीन चालू केलेला होता. स्क्रीनवर 'आई', आणि कॉल चालू.

काचेला कान लावला. मागच्या डाव्या कोपऱ्यातून आईचा आवाज. शेजारच्या काकूंना नातू झाला, ते सांगत होती. आणि तिला उत्तर देत होता तो आवाज माझा होता. माझा! माझी 'अय्या' म्हणायची लकब, माझं हसणं. पण मी कधी आईशी बोलत नाही इतका लाडिक. मागची सीट रिकामी होती. स्क्रीनवर ती लाल होती.

मी काचेवर हात आपटले. अण्णांनी डोळे उघडले. घाबरले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. घरात लेकरू झोपलेलं असताना आपण करतो तसं.

मग आतला माझा आवाज म्हणाला, आई, बाहेर कुणीतरी आहे, नंतर बोलू हं.

११ ऑक्टोबर, शनिवार

सुप्रीताच्या पीजीत आले आहे. सकाळी निघताना अण्णांनी जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. मी उभी राहून ऐकलं.

त्यांची मुलगी रम्या. ती बोलायला लागायच्या आधीच तिची आई, सोयराबाई, गेली. रम्या मोठी झाली, नोकरीला लागली, ही गाडी तिनंच घेतली. मग एकदा ताप डोक्यात गेला. अण्णा तिला मागच्या डाव्या सीटवर आडवी करून दवाखान्यात नेत होते. सिल्क बोर्डला गाड्या अडकल्या त्या अडकल्याच. ती तापात सारखी म्हणत होती, आईला फोन लाव. आईला फोन लाव. आणि दर वेळी गाडीतली बाई तिला उत्तर देत होती, आई या नावाचा नंबर सापडला नाही. दवाखाना दिसायला लागला तेव्हा रम्या बोलायची थांबली होती. गाडीतली बाई मात्र सांगतच राहिली.

त्यानंतर आवाज त्या कोपऱ्यातून हलला नाही. गाडी नुसती चालू केली तरी तेच वाक्य. अण्णा म्हणाले, माझ्या पोरीला कधी आई मिळाली नाही म्मा. तुला आहे, तर तू हूं हूं करतेस. स्वल्प तिलाही मिळू दे की. तुझं काय कमी होतंय?

मला त्यांची कीव आली. आणि इतकी भीती वाटली की मी बॅग तिथंच टाकून पळाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

इथून सिंगसंद्र कितीतरी लांब. फोन माझ्या हातात. तरी आई म्हणते, काल तू किती छान बोललीस.

सगळं सांगून टाकलं तिला. गाडी, रम्या, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, कामाचा ताण फार झालाय तुला. आवाजही कसा वेगळाच लागतोय. दुसऱ्या कुणाचा वाटावा असा.

सुप्रीता म्हणते, फोन बदल, नंबर बदल. मी ऑफिसमध्ये बसूनही कान देऊन असते. टुंग आवाज झाला की दचकते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आई इकडं निघाली आहे. दिवाळीला. उद्या रात्रीची बस, परवा सकाळी मडीवाळाला उतरणार. तूच तर बोलावलंस, म्हणाली. चकल्या तळून झाल्यात.

नको येऊस म्हटलं. ओरडून म्हटलं. पाया पडते म्हटलं.

ती हसली. म्हणाली, तू कालच सांगितलंस ना, मी नको म्हणाले तरी ऐकू नकोस, ताणामुळे मी वाट्टेल ते बोलते, तू आपली ये.

रम्यानं आईला आधीच सांगून ठेवलंय. तिला ठाऊक होतं मी काय म्हणणार.

मी आधी जाऊन बसपाशी उभी राहणार. आई मला बघेल. समोर बघितल्यावर कशी चुकेल? जन्म दिलाय तिनं मला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

किल्ली द्यायला गेले होते, सुप्रीताला बरोबर घेऊन. अण्णांनी गाडी धुतली होती. मागच्या सीटवर नवी चादर. मोगऱ्याचा गजरा, आईला आवडतो तसला. त्यांना कुणी सांगितलं?

किल्ली घेऊन सरी, म्हणजे बरं, म्हणाले. एवढंच. चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा.

स्क्रीन चालू होता. मी डोकावले. जोडलेलं उपकरण: रम्याचा फोन.

माझ्या फोनचं नाव माझं होतं. मीच टाकलं होतं. संहिताचा फोन. आता माझ्या फोनमध्ये पाहिलं तरी — रम्याचा —

मी बदललं ते परत. पुन्हा तेच झालं.

सुप्रीतानं मघाशी हाक मारली आणि मला वळायला वेळ लागला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

रिक्षात आहे. लवकर निघाले तरी रस्ता तुंबलाय. लिहीत राहते. लिहिलं की मी मीच आहे हे कळतं. मी संहिता. आई सांगलीची. आई कुंकू मोठं लावते.

मडीवाळा. बस येऊन गेली. लवकर आली आज. बस कंपनीचा तिथला माणूस म्हणाला, त्या आंटींना न्यायला पांढरी गाडी आली होती. एक आजोबा होते. आंटी मागच्या दाराशी वाकल्या, रडल्या, हसल्या. मागं कुणाला तरी जवळ घेतलं त्यांनी. कुणाला, ते त्याला दिसलं नाही.

परत फिरले. तीच रिक्षा. ड्रायव्हरला म्हटलं, पांढरी गाडी. तो म्हणाला, इल्लि एल्ला, इथं सगळ्या पांढऱ्याच आहेत मेडम —

आईला फोन लावते. नाव सापडत नाही. फोनमध्ये आईचं नावच नाही. बोलून लावला. फोन म्हणतो —

आई या नावाचा नंबर सापडला नाही.

नाही. नाही. नंबर पाठ आहे मला. शाळेत पाठ करून घेतला होता तिनं.

उचलला. मागं गाणं चालू होतं. आई म्हटलं. मी संहिता, आई, गाडीतून उतर. आई म्हणाली, कोण बोलतंय? माझी संहिता इथं माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. दमलीय पोर. तुम्ही कोण?

मी रडले. आई म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय बाळ, रडू नको, आपल्या आईला लाव.

ठेवला.

सिल्क बोर्ड. सगळं थांबलंय. हॉर्न. माझा फोन थरथरला — 'उपकरण जोडणी यशस्वी' —

जवळ आहे. इथंच आहे. कुठली —

दिसली. शेजारच्या रांगेत. अण्णा समोर बघतायत. मागं उजवीकडं आई. केसांत गजरा. हात डाव्या सीटवर, थोपटतेय. हळूहळू, लहानपणी मला ताप असताना थोपटायची तसंच. सीटवर कुणी नाही. चादर मात्र दबलेली.

मी रिक्षातून उतरले. काचेवर हात मारतेय. आई. आई बघ ना. माझ्याकडं बघ. कपाळावरची खूण बघ, तूच टाके घालून आणलंस —

बघितलं तिनं. माझ्याकडंच बघतेय. ओळख नाही डोळ्यांत. दया आहे. रस्त्यावरच्या अनोळखी पोरीकडं बघावं तशी.

सिग्नल सुटतोय. मी दार सोडणार नाही. एका हातानं लिहि —

काच खाली करतेय ती. आतून माझा आवाज म्हणतोय, आई, नको ना, चल —

आईनं माझ्या गालाला हात लावला. किती गार हात. विचारतेय, रडतेस का गं, बाळ, तू कुणाची